टनांच्या हिशेबात हरवलेली हिलसा

नदीच्या वरच्या अंगाचा मासा संपला, तरी देशाच्या मत्स्योत्पादनाच्या बेरजेत त्याची उणीव दिसत नाही. तळ्यात, खाडीत, समुद्रात कोठेतरी अधिक मासा निघतो, आकडा फुगतो आणि अहवालाच्या अखेरीस प्रगती सिद्ध होते. ज्या नदीकाठच्या मच्छीमाराचे जाळे कायमचे रिकामे झाले, त्याला या बेरजेत जागा नाही. त्याने तक्रार केली, तर त्याला ऐकवले जाते की मासा नष्ट झालेला नाही. ही जात अजून विपुल आहे, फक्त ती आता दुसरीकडे मिळते! गंगेच्या वरच्या खोऱ्यातील हिलसाच्या बाबतीत गेली पन्नास वर्षे हाच युक्तिवाद चालू आहे. तो शास्त्राच्या कसोटीवर पोकळ आहे आणि न्यायाच्या कसोटीवर निंद्य आहे.

हिलसा हा समुद्रात वाढणारा आणि अंडी घालण्यासाठी नदीत चढणारा मासा. बंगालमध्ये ती इलिश, सिंधमध्ये पल्ला, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पाला. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत झुलेलालाच्या तसबिरीत देवाच्या आसनाखाली जो मासा दिसतो, तो हाच पल्ला. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेतील माशांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याने या माशाला बंगाली लोकांच्या तोंडचेच ‘इलिश’ हे नाव शास्त्रीय रूपात दिले. पावसाळ्यात नदीला लोंढा आला, की गाभोळीने भरलेल्या माद्या प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. गोड्या पाण्यात लाखो अंडी घातली जातात, पिले खाली उतरत खाडीत व समुद्रात जातात आणि वयात आल्यावर पुन्हा नदीचा रस्ता धरतात. एके काळी ही हिलसा बंगाल ओलांडून भागलपूर, बक्सर, वाराणसी, अलाहाबाद, आणि यमुनेतून आग्रा-दिल्लीपर्यंत जात असे. ती पुराणातली गोष्ट नव्हे. स्वातंत्र्यानंतरची पंचवीस वर्षे अलाहाबाद व बक्सर येथील बाजारांत हिलसाची नियमित आवक होत असे आणि तिच्या नोंदी शासनाच्याच दप्तरी आहेत.

आता प्रश्न असा की, हुगळीत चढणारी, पद्मेत चढणारी आणि अलाहाबादला पोहोचणारी हिलसा एकच का? नाव एक, जात एक, हे खरे. पण कलकत्त्याच्या वा ढाक्याच्या बाजारात जाऊन पाहावे. पद्मेची इलिश आणि गंगेची इलिश यांचे भाव वेगळे, चव वेगळी मानलेली, आणि अंगलट पाहून कोणती कुठली हे सांगणारे ग्राहक व विक्रेतेही पावलोपावली. एक रुंद, गोलसर. दुसरी तिच्या मानाने सडपातळ. या बाजारी ज्ञानात अतिशयोक्ती असेल, नदीचा अभिमान असेल, विक्रेत्याची लबाडीही असेल. परंतु त्याच्या मुळाशी काही तथ्य आहे काय, हे शास्त्रज्ञांनी फार पूर्वीच तपासायला घेतले होते.

त्याची पद्धत साधी आणि कष्टाची आहे. शेकडो मासे घ्यायचे; प्रत्येकाची एकूण लांबी, अंगाची रुंदी, डोक्याची लांबी, परांची जागा मोजायची; परांतील काटे, पोटाकडच्या कडेचे धारदार खवले, कल्ल्यांतील गाळणीसारखे दाते मोजायचे; आणि मग एका ठिकाणचे प्रमाण दुसऱ्या ठिकाणच्या प्रमाणाशी ताडून पाहायचे. युरोपात फ्रीड्रिश हाइंके याने उत्तर समुद्रातील हेरिंग माशावर हे काम केले. त्याचा ग्रंथ १८९८ साली पुरा झाला आणि हेरिंग ही एकजिनसी झुंड नसून निरनिराळ्या ठिकाणी अंडी घालणाऱ्या निरनिराळ्या समूहांची ती बनलेली आहे, हे त्याने दाखवले. हिंदुस्थानात टी. व्ही. आर. पिल्ले यांनी हुगळी नदी आणि चिलिका सरोवर येथील हिलसाच्या अंगमापांचा तौलनिक अभ्यास केला. तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६८ साली गंगेच्या प्रणालीतील हिलसात सडपातळ, रुंद आणि अधिक रुंद असे तीन प्रकार असल्याचे मत संशोधकांनी मांडले. फराक्काचे बांधकाम तेव्हा चालू होते. दरवाजे मिटायला अजून सात वर्षे होती.

या अभ्यासांवर सर्व शास्त्रज्ञांचे एकमत आहे असे नाही. अंगाचा आकार काही अंशी आनुवंशिक असतो आणि काही अंशी पाण्याचा वेग, तापमान, गढूळपणा व खाद्य यांनी घडतो. त्यामुळे केवळ मोजपट्टीवरून दोन समूह वेगळे ठरवण्यास अनेकांचा आक्षेप राहिला. काही जनुकीय तपासण्यांना बंगालच्या उपसागरातील हिलसात फारसा भेद आढळला नाही. उलट बांगलादेशात अलीकडे झालेल्या, अधिक सूक्ष्म जनुकीय तपासण्यांना निरनिराळ्या नद्यांच्या परिस्थितीशी जुळवून घेतलेले वेगळे समूह दिसले. वाद चालू आहे आणि शास्त्रात तो चालू असण्यात काहीच गैर नाही. पण या वादाचा फायदा कोणाला मिळाला? भेद सिद्ध झालेला नाही, म्हणून भेद नाहीच असे धरून चालण्याची मुभा बंधारा बांधणाऱ्याला मिळाली. वास्तविक न्यायाची रीत उलटी हवी. ज्याच्या कृतीने कायमची हानी होणार आहे, त्यानेच हानी होणार नाही हे दाखवले पाहिजे. गंगेच्या हिलसाच्या बाबतीत पुराव्याचे सारे ओझे मासा आणि मच्छीमार यांच्या शिरावर टाकण्यात आले.

येथे एक गैरसमज वेळीच दूर केला पाहिजे. माशांच्या समूहांना ‘वंश’ म्हणण्याची जुन्या संशोधकांची रीत होती आणि समाजवादी वाचकाचे कान या शब्दाने टवकारतात, ते योग्यच आहे. पण येथे उच्च-नीच असा प्रश्नच नाही. सडपातळ हिलसा रुंद हिलसेपेक्षा श्रेष्ठ वा कनिष्ठ नाही. एका पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जगताना एक देहयष्टी, वाढीचा एक वेग, नदीत चढण्याचा एक हंगाम रुळत जातो, एवढाच त्याचा अर्थ. भेद मान्य करणे म्हणजे विषमता मान्य करणे नव्हे. उलट भेद नाकारून सर्वांना एकाच मापाने मोजणे हाच अनेकदा विषमतेचा कावा असतो. आदिवासीला, भूमिहीनाला, विणकराला ‘राष्ट्रीय सरासरी’ने मोजून त्याचे दारिद्र्य कसे अदृश्य करता येते, हे या देशाने पुरेपूर पाहिले आहे.

फराक्काचा इतिहास सर्वश्रुत आहे, पण त्यातील एक पान सहसा उलटले जात नाही. गंगेचे पाणी भागीरथी-हुगळीत वळवून कलकत्ता बंदरातील गाळ धुऊन काढावा, या हेतूने मुर्शिदाबाद जिल्ह्यात सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीचा बंधारा उभारण्यात आला. काम १९६१ साली सुरू झाले आणि २१ एप्रिल १९७५ रोजी पाणी वळवण्यास प्रारंभ झाला. पश्चिम बंगालचे अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी योजनेच्या मुळावरच आक्षेप घेतले होते. गाळ साचेल, बिहारला पुराचा तडाखा बसेल असे त्यांनी बजावले. त्यांच्या युक्तिवादाला उत्तर देण्याऐवजी त्यांना पाकिस्तानचा हस्तक ठरवण्यापर्यंत मजल गेली. पुढे १६ मे १९७६ रोजी मौलाना भाशानी यांनी बांगलादेशातून फराक्काच्या दिशेने मोर्चा नेला आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी उभय देशांत तीस वर्षांच्या मुदतीचा करार झाला. या साऱ्यात वाटप झाले ते पाण्याचे, क्युसेकमध्ये. बिहारने २०१६च्या पुरानंतर फराक्का हटवण्याची मागणी केली, तेव्हाही गाळ आणि पूर हेच मुख्य विषय होते. वरच्या अंगाला जाणारा मासा कोणाच्याच टेबलावर नव्हता.

बंधारा झाला आणि हिलसाची वाट तुटली. भागलपूरपासून अलाहाबादपर्यंतची आवक थोड्याच वर्षांत नगण्य झाली. माशांसाठी बंधाऱ्यात वाट ठेवली होती, असे कागदोपत्री समाधान दिले जाते; प्रत्यक्षात तिचा उपयोग झाला नाही. यात नवल नव्हते. हिलसा जोरदार पोहणारी असली, तरी ती सामन माशाप्रमाणे उड्या घेत पायऱ्या चढत नाही. परदेशी माशाच्या अंगाला बेतलेली शिडी तिच्या उपयोगाची नाही. माशाच्या देहाकडे आणि चालीकडे न पाहता वाट बांधणे, हे पायाचे माप न घेता जोडा शिवण्यासारखे आहे.

आणि हे अज्ञान क्षम्य होते असेही म्हणता येत नाही. फ्रान्सिस डे याने हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवरील आपला अहवाल १८७३ साली सादर केला, तेव्हाच नदीवरील बंधाऱ्यांनी चढत्या माशांची होणारी कोंडी त्याने सरकारच्या नजरेस आणली होती. त्यानंतर कावेरीवर १९३४ साली मेट्टूर धरण झाले, सिंधूवर १९३२ साली सक्करचा आणि १९५५ साली कोट्रीचा बंधारा झाला, आणि प्रत्येक ठिकाणी वरच्या अंगाच्या हिलसावर घाव बसला. म्हणजे फराक्काच्या वेळी शंभर वर्षांचा इशारा आणि दोन-तीन नद्यांचा अनुभव हाताशी होता. वसाहतवादी सरकारने महसुलासाठी जे दुर्लक्ष केले, तेच स्वतंत्र भारताच्या सरकारने बंदरासाठी केले. मरणारा मच्छीमार मात्र तोच राहिला.

त्याचा चेहरा पाहायचा, तर बिहारातील कहलगाव आठवावे. तेथे २२ फेब्रुवारी १९८२ रोजी गंगा मुक्ती आंदोलन उभे राहिले. जमिनीवरील जमीनदारी कायद्याने संपून तीन दशके लोटली होती. परंतु सुलतानगंज ते पीरपैंती या सुमारे ऐंशी किलोमीटरच्या पात्रात पाण्यावरची जमीनदारी शाबूत होती. वाहत्या गंगेत जाळे टाकण्यासाठी मल्लाह-निषादांना जलकर द्यावा लागे. जयप्रकाशांच्या प्रेरणेतून निघालेल्या छात्र-युवा संघर्ष वाहिनीच्या तरुणांनी व मच्छीमारांनी अहिंसक लढा दिला आणि १९९१ साली ही पाण्यावरची जमीनदारी संपली. समाजवादी चळवळीच्या इतिहासातील हा सोन्याचा दिवस. पण ज्या पात्रावर मच्छीमाराचा हक्क प्रस्थापित झाला, त्यातील सर्वांत मोलाचा मासा तोवर गेलेला होता. आंदोलनाने म्हणूनच फराक्काचा प्रश्नही आपल्या मागण्यांत धरला. हक्क मिळाला, पण नदी आधीच रिकामी करून ठेवलेली होती. मालकीचा प्रश्न सोडवला की उत्पादनाचा प्रश्न आपोआप सुटतो, असे मानणाऱ्यांनी कहलगावचा हा धडा विसरू नये.

‘हिलसा बंगालमध्ये मिळतेच की’ या उत्तराचा फोलपणा आता ध्यानात यावा. वरच्या गंगेत पिढ्यान्‌पिढ्या चढणारा समूह वेगळा असेल, तर खालच्या हुगळीत कितीही मासा निघाला तरी त्या समूहाची भरपाई होत नाही. दीड हजार किलोमीटरच्या चढाईला तयार झालेली देहयष्टी आणि हंगामाची जाण त्याच्याबरोबर जाते; ती टनांनी मोजता येत नाही. आणि समूह वेगळा नसेल असे घटकाभर धरले, तरी कहलगावच्या मल्लाहाची भरपाई डायमंड हार्बरच्या बाजारात होत नाही.

एकाच मापाने सर्वांना मोजण्याची ही खोड केवळ हिंदुस्थानची नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरील कॉड मासा हे तिचे जगजाहीर उदाहरण. लॅब्राडोरच्या थंड पाण्यातला कॉड हळू वाढतो, उशिरा वयात येतो; युरोपच्या उबदार समुद्रातला त्याचा भाऊबंद त्याच वयात कित्येक पटींनी वजनदार असतो. म्हणजे थंड पाण्यातल्या समूहावरचा घाव भरून यायला तितकाच अधिक काळ लागणार. १९८०च्या दशकात लहान होड्यांतून किनाऱ्यालगत मासेमारी करणारे लोक सांगत होते की मासा कमी झाला, लहान झाला. सरकारी अंदाज मात्र खोल समुद्रातील मोठ्या जहाजांच्या भरघोस पकडीवर विसंबून राहिले. अखेर २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली. सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला. आणि ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले. लहान होडीवाल्याचे निरीक्षण हा पुरावा आणि मोठ्या जहाजाची पकड हाही पुरावा. पण एकाला ‘तक्रार’ म्हटले गेले आणि दुसऱ्याला ‘आकडेवारी’. शास्त्र वर्गनिरपेक्ष असेल. कोणाचे मोजमाप शास्त्रात घ्यायचे हा निर्णय वर्गनिरपेक्ष नसतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, हिलसाचा ऱ्हास केवळ फराक्कामुळे झाला नाही. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिले मारली, कारखान्यांनी पाणी नासवले. हे खरे आहे आणि मच्छीमार संघटनांनी ते मान्य केले पाहिजे. पण प्रदूषण आणि बेसुमार मासेमारी यांनी मासा वर्षानुवर्षे घटत जातो. बंधाऱ्याने वाटच बंद होते. शिवाय पिले न मारण्याची सक्ती ज्याच्यावर करायची, त्याच्या चुलीचा विचार कोण करणार? बांगलादेशात पंचवीस सेंटिमीटरहून लहान हिलसा पकडण्यावर ठरावीक महिने बंदी असते आणि त्या काळात मच्छीमार कुटुंबांना सरकार तांदूळ पुरवते. त्या व्यवस्थेत त्रुटी आहेत, सर्वांपर्यंत ती पोहोचत नाही. तरी बंदीबरोबर भाकरीची जबाबदारी येते हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे. तेथील हिलसाचे उत्पादन शतकाच्या आरंभीच्या दोन लाख टनांवरून पाच लाख टनांपलीकडे गेले, त्याचे काही श्रेय या तत्त्वाला द्यावे लागेल.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो. धरणे म्हणजे आधुनिक भारताची मंदिरे, या भाषेची भुरळ डाव्या मंडळींनाही पडली होती, आणि माशांच्या अंगलटीसाठी विकास अडवायचा काय, असा उपरोधिक सवाल पुरोगामी व्यासपीठांवरूनही ऐकू येतो. त्याला उत्तर असे की, विकास अडवण्याची मागणी येथे कोणी करीत नाही. विकासाचा हिशेब पुरा मांडण्याची मागणी आहे. बंदराचा लाभ जमेस धरायचा आणि हजार किलोमीटर काठावरच्या मच्छीमारांचा तोटा वहीत लिहायचाच नाही, हा हिशेब कोणता अर्थशास्त्रज्ञ मान्य करील?

अलीकडे शासनाला उपरती झाल्याचे दिसते. फराक्काच्या खालच्या अंगाला हिलसा पकडून ती वरच्या अंगाला सोडण्याचा कार्यक्रम बराकपूरच्या केंद्रीय अंतःस्थलीय मत्स्य संशोधन संस्थेने हाती घेतला आहे. जहाजे वरखाली नेणाऱ्या नव्या दरवाजातून माशालाही वाट देण्याची घोषणा झाली आहे. या प्रयत्नांची टिंगल करण्याचे कारण नाही. पन्नास वर्षांनी का होईना, चूक घडली हे त्यातून मान्य झाले. पण येथेही जुनीच खोड डोकावते. खालची हिलसा वर सोडली की वरची हिलसा परत आली, असे समीकरण मांडले जात आहे. सोडलेल्या माशांची वाढ कशी होते, अंगलट कशी राहते, ते किती दूर चढतात, त्यांची पिले बंधाऱ्यातून जिवंत खाली उतरतात काय, ही मोजणी सोडलेल्या माशांच्या संख्येहून अधिक महत्त्वाची आहे. सोडलेल्या माशांचा आकडा जाहीर करणे सोपे. परत आलेल्या माशांचा आकडा हीच खरी परीक्षा.

आणि हे सारे गंगेपुरते नाही. पश्चिम किनाऱ्यावर नर्मदा व तापी यांच्या मुखांतून चढणारी हिलसा आहे. तापीवर उकाई धरण १९७२ साली झाले. त्यात महाराष्ट्रातील नंदुरबार परिसरातील गावेही बुडाली. नर्मदेवर सरदार सरोवराने खालच्या पात्रातील गोड्या पाण्याचा ओघ आटवला आणि भरूचपर्यंत खारे पाणी शिरू लागले. आता ते खारे पाणी अडवण्यासाठी भाडभूत येथे नदीच्या मुखाजवळच बंधारा घालायचा. त्याची कोनशिला २०१७ साली बसवण्यात आली आणि पुढे काम हाती घेण्यात आले. वरच्या धरणाने निर्माण केलेल्या दुखण्यावर खालच्या बंधाऱ्याचा उपाय! भरूचचे मच्छीमार त्याविरुद्ध उभे राहिले, कारण हिलसा जेथून नदीत शिरते नेमका तोच दरवाजा बंद होणार आहे. फराक्काने वाट मध्यावर तोडली. येथे ती उंबरठ्यावर तुटते. अरबी समुद्राच्या या हिलसाची अंगलट व वाढ बंगालच्या हिलसाहून किती वेगळी, नर्मदेची व तापीची एक की दोन, या प्रश्नांची उत्तरे बंधाऱ्याआधी जनतेसमोर यायला हवी होती. मासा गेल्यावर मोजपट्टी घेऊन कोणाला मोजणार?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. नदीवरील कोणत्याही नव्या बंधाऱ्याला मंजुरी देण्यापूर्वी तेथील चढत्या माशांच्या समूहांची अंगमापे, वाढ, वय व जनुकीय ओळख यांची नोंद व्हावी आणि ती स्थानिक भाषेत प्रसिद्ध व्हावी. ही नोंद करताना मच्छीमारांना केवळ नमुने पुरवणारे मजूर न मानता त्यांचे निरीक्षण पुरावा म्हणून दप्तरी घ्यावे. मासा गेल्याने ज्यांची उपजीविका गेली, त्यांना प्रकल्पग्रस्त मानावे. जमीन बुडालेला तेवढाच प्रकल्पग्रस्त, ही व्याख्या भूमिधारकाच्या सोयीची आहे. आणि मत्स्योत्पादनाचे आकडे राज्यवार बेरजेबरोबर नदीवार, टप्प्यावार प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे कोणाचे जाळे भरले आणि कोणाचे रिकामे झाले ते लपणार नाही.

नदीकाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी यासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. वही, वजनकाटा आणि मोजपट्टी एवढ्या साहित्यावर प्रत्येक मच्छीमार वस्तीत ही नोंद उद्यापासून सुरू होऊ शकते. कोणत्या महिन्यात कोणता मासा, किती लांब, किती रुंद, गाभोळी होती की नव्हती, हे लिहिलेली दहा वर्षांची वही ज्या वस्तीत असेल, तिला सुनावणीच्या दिवशी कोणी ‘पुरावा काय’ असे विचारू शकणार नाही. कहलगावच्या मच्छीमारांजवळ लढण्याची हिंमत होती आणि ते जिंकले. अशी वही त्यांच्या वडिलांच्या पिढीजवळ १९६१ साली असती, तर फराक्काच्या मंजुरीपूर्वी वरच्या गंगेतील हिलसाचा प्रश्न निदान कोणाला तरी तोंडावर विचारता आला असता.